ठिकाण : मळी

आमच्या घरात दाराआड गावाच्या पाण्याची चावी उभी असायची. चावी म्हटल्यावर कुलपाची डोळ्यांपुढे येईल, तर तसली नव्हे. माझ्या छातीला लागेल एवढी उंच लोखंडी कांब, वर धरायला आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यात ते तोंड घालून दांडा फिरवला की व्हॉल्व्ह उघडायचा आणि त्या आळीला पाणी सुटायचं. आबा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला होते. उजाडता उजाडता ती कांब उंबऱ्याच्या फरशीवर आपटल्याचा ठण्ण आवाज यायचा, मग चपलांचा, मग थोड्या वेळानं लांबच्या आळीतले नळ फुरफुरायला लागायचे आणि बायकांची भांडणं ऐकू यायची. मी त्या आवाजांवर उठायची. घड्याळ होतं घरात, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आबांची आजी विहिरीपासून लांब घागर मांडून बसायची आणि वरच्या आळीतली कुणी बाई कनवाळू निघाली तर ती वरून ओतायची, असं आबा सांगायचे. सांगताना डोळ्यांत पाणीबिणी काही नाही, उलट हसायचे. कारण आता त्याच आळीतल्या बाया त्यांची वाट बघत उभ्या राहायच्या. आबा काही साधुसंत नव्हते. कुणी तोंड वाकडं करून बोललं की दुसऱ्या दिवशी त्या आळीला पाणी उशिरा. "चावी अडकली हुती," एवढंच म्हणायचे. घरी येऊन आईला कुणाकुणाची तोंडं कशी झाली ते साभिनय सांगायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, कवातरी अंगाशी येईल हे तुमचं." आबा म्हणायचे, "येऊ दे की. पाणी तर माझ्याच हातचं पित्यात न्हवं?" एवढ्या एका वाक्यावर ते दिवसभर खूश असायचे.

त्यांच्या अंगाला कायम टीसीएलचा वास. टीसीएल ही पांढरी पावडर, पाणी शुद्ध करायची, टाकीत टाकतात. बनियनला, मिशीला, अगदी त्यांनी मोडलेल्या भाकरीच्या तुकड्यालाही तो वास. पावडर टाकून झाली की ओटी घ्यायची. म्हणजे काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर पोचली, कोरं राहिलं तर नाही. सरकारी कागदावर त्याला ओटी टेस्ट म्हणतात, पण आमच्या घरात तिचं ओटीच झालं होतं. आई चेष्टेनं विचारायची, "भरून आलासा का पाण्याची ओटी?" आणि आबा नळी उजेडाकडे धरून दाखवायचे, "बघ, हळदीवाणी हाय." मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर टाकीवर जायची. पावडर बादलीत कालवताना नाकाला ओढणी बांधायची, हे मला पाढे यायच्या आधीपासून येत होतं.

नदीतून पाणी ओढायची विहीर, तिला जॅकवेल म्हणतात, ती मळीत होती. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे कृष्णाकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. मळीतली वांगी, मळीतला हरभरा, त्याची चव वेगळी. आणि साखर कारखान्यातून जे काळं, आंबूस वासाचं सांडपाणी निघतं त्यालाही मळीच म्हणतात. "मळीत मळी सोडली" असं कुणी म्हटलं तर आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा दोन्ही मळ्या वेगळ्या ओळखतं. बाहेरच्या माणसाला मात्र सांगावं लागतं. आम्ही कधी सांगितलं नाही, कारण बाहेरचं माणूस आमच्या मळीकडे येतच नव्हतं.

मी एसटीनं इस्लामपूरला कॉलेजला जायला लागले आणि दुसऱ्या वर्षी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी नदीचं काम काढलं. मोबाईलवर एक ॲप होतं, 'नदीची वही' नावाचं. आपापल्या गावच्या नदीकाठी दर रविवारी ठरलेल्या जागी उभं राहायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, सरांनी दिलेल्या पेटीतले थेंब टाकायचे, आकडा भरायचा, फोटो काढायचा. नकाशावर आपल्या जागेचा ठिपका उमटायचा. पाणी बरं असलं तर हिरवा, बिघडलेलं तर लाल. पेटीतला मला सगळ्यात आवडणारा भाग प्राणवायूचा. पाण्यात प्राणवायू असला की बाटलीत तपकिरी गाळ बसायचा, नसला की पांढरा. सरांचा नियम एकच होता, "जे दिसलं तेच लिहा. जे दिसलं नाही ते देवानं येऊन सांगितलं तरी लिहू नका." आमच्या घरात देव नव्हताच, त्यामुळे मला तो नियम सोपा वाटला.

ॲपमध्ये नोंदी करणाऱ्यांची एक यादी असायची. कुणाच्या नोंदी जास्त, कुणाच्या बिनचूक. काही महिन्यांत सगळ्या जिल्ह्यात माझं नाव पहिलं आलं. नावापुढे निळा थेंब आणि 'नदीमित्र' अशी अक्षरं. मामानं दिलेला तडा गेलेला फोन, त्यात ते नाव मी दिवसातून दहादा उघडून बघायची. वर्गातल्या ज्या मुली माझ्या शेजारी डबा खात नव्हत्या, त्यांची नावं खाली कुठं कुठं आहेत तेही बघायची. हे आज लिहिताना लाज वाटते, पण ही लाज उशिरा आलेली आहे आणि तिचा कुणाला काही उपयोग नाही.

गळीत हंगाम संपत आला होता. नदी आटून बारीक झाली होती. एका रविवारी सकाळी वस्तीतली पोरं ओरडत आली, "मासं वर आल्यात!" सगळं गाव बादल्या घेऊन मळीकडे पळालं. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते आणि लोक हातांनी उचलून घेत होते. वांब, मरळ, ज्यांच्यासाठी माणसं रात्र रात्र गळ टाकून बसतात ते मासे पोरांनी शर्टात गुंडाळून आणले. कुणी गाणी म्हणत होतं. पाणी चहासारखं काळपट आणि वास नाकात बसणारा. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटली भरली. गाळ पांढरा बसला, पिठासारखा पांढरा. मी आकडा भरला, फोटो काढला. 'ठिकाण' या रकान्यात नेहमीप्रमाणे लिहिलं, मळी. 'इतर निरीक्षण' हा रकाना कोरा सोडला. कारखान्याचा ओढा तिथून वर दोन वळणं सोडून होता, त्यातून सांडपाणी येताना मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सरांचा नियम मी तंतोतंत पाळला.

आबा काठावर उभे होते. त्यांनी एक मासा उचलला, वास घेतला आणि टाकून दिला. "सुमे, चल टाकीवर," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी रोजच्या दुप्पट पावडर टाकली. मी बादली धरली होती. ओटी घेतली तर पाणी कोरं. आणखी टाकली, पुन्हा कोरं. आबा नळी उजेडाकडे धरून किती वेळ बघत राहिले. पाण्यात घाण इतकी असली की ती औषधच खाऊन टाकते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी तसं सांगितलं. "मग पाणी सोडू नगं म्हंतीस?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात सरपंचांचा फोन आला, वरच्या आळीत लग्नघर होतं, पाणी लगेच हवं होतं. आबांनी 'पाणी खराब हाय' म्हणून दोनदा सांगितलं. तिकडून काय उत्तर आलं ते मी ऐकलं नाही, पण आबांनी चावी उचलली.

घरी आईनं माशांचं कालवण केलं होतं. कुणी आणून दिलेले मासे, खोबरं-लसणाचं वाटण, वरती तेलाचा लाल तवंग. आबा जेवले नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं.

मंगळवारपर्यंत घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. आमच्या शेजारची सगुणामावशी दोन दिवसांत गेली. माझ्या लहानपणी आई रोजगाराला गेली की मी तिच्याच घरी जेवायची. ती मला कुस्करलेल्या भाकरीवर दूध घालून द्यायची आणि वर साखर घालताना "आईला सांगू नगंस" म्हणायची. आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी ओटी घेतली, कोरी. कागदावर तसं लिहून घेतलं. वरच्या आळीतला एक जण पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तरी म्हनलं, पाणी कुनाच्या हातात दिलंया." जे गेली पंधरा वर्षं मनात होतं ते तोंडावाटे बाहेर पडायला एक कोरी नळी पुरली. आबा तिथून चावी खांद्यावर घेऊन जात होते. ते थांबले नाहीत.

शुक्रवारी पेपरात बातमी आली. कुठल्याशा बातमीदारानं ॲपवरचा माझा लाल ठिपका पाहिला, त्याखालचा शब्द वाचला आणि लिहिलं की नदीत मळी आल्याची नोंद एका महाविद्यालयीन तरुणीनं केली आहे. त्यानं ठिकाणाचा रकाना वाचला आणि त्याला वाटलं ते कारण आहे. सांगली-साताऱ्याकडचा नसावा. पण त्या चुकीनं आबा वाचत होते. नदीत कारखान्याची मळी आली असेल, तर पावडर कितीही टाकली तरी ओटी कोरीच राहणार, म्हणजे आबांचा दोष नाही. मळी आलीच नसेल, तर ओटी कोरी राहायला एकच कारण उरतं, पावडर टाकलीच नाही. आणि सरकारी माणसांनी नदीची बाटली भरली ती धरणातून पाणी सोडल्यावर. तोवर नदी धुऊन निघाली होती. त्यांच्या बाटलीत काही सापडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी कारखान्याचा एक माणूस घरी आला. गोड बोलणारा, आईच्या हातचा चहा प्यायला, दुसरा कपही मागून घेतला. मला म्हणाला, "ताई, तुमी शिकल्या-सवरल्या हाय. उद्या जिल्ह्याचं साहेब येत्यात. त्ये इचारतील, मळी म्हंजे काय. खरं आसंल तेवढंच सांगा. आमचं दुसरं काय म्हणणं न्हाई." जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "खोटी नोंद ठरली तर त्या ॲपवाल्यांचा नियम लय कडक हाय म्हणं. नावच उडवत्यात."

तो गेल्यावर आबा माझ्यासमोर येऊन बसले. खाली, फरशीवर. ते माझ्यापुढे कधी असे बसले नव्हते. "सुमे," ते म्हणाले, "तू मळी लिवलंस. दोन मळ्या हायत. त्यातली काळी मळी म्हण."

"मी जागेचं नाव लिहिलं होतं, आबा."

"ठावं हाय मला. पर पाणी काळं हुतं का न्हवतं?"

"होतं."

"मग खोटं कुठं हाय? दोन्ही खरंच हायत की गं." मग ते म्हणाले, "आन् आसलं खोटं, तर एकडाव बोल. माझ्यासाठनं. मी जन्मात तुझ्याकडं काय मागितलं न्हाई."

मी मान खाली घातली. ते उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी हो म्हटलं.

रविवारी ग्रामपंचायतीत सगळं गाव जमलं. साहेबांच्या हातात माझ्या नोंदीचा छापलेला कागद होता. भला माणूस होता, मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "हे बघ बाळ, तुझ्या पेटीतले आकडे कायद्याला चालत नाहीत. आमच्या नमुन्यात काही आलेलं नाही. राहिला हा एक शब्द. कारखान्याची मळी तू पाहिली असशील, तर मी चौकशी पुढं वरपर्यंत नेतो. नसशील, तर हा विषय इथं संपला. आता तूच सांग, मळी म्हणजे तू काय लिहिलंस?"

समोर कारखान्याचा माणूस मांडी घालून बसला होता. दाराशी आबा उभे होते, चावी हातात, नुकतेच पाणी सोडून आले होते. आई बायकांच्यात होती. मला सगळं समजत होतं, म्हणून मला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. मी वर्गात उत्तर द्यावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "जमीन."

"म्हणजे?"

"मळी म्हणजे नदीकाठची जमीन. ते ठिकाणाचं नाव आहे, सर. कारखान्याचं पाणी येताना मी पाहिलेलं नाही."

"शाब्बास," साहेब म्हणाले. खरंच म्हणाले. "खरं बोललीस."

मग मी घाईघाईनं सांगायला लागले की पाणी काळं होतं, गाळ पांढरा बसला होता, पावडर दुप्पट टाकली होती, बादली मीच धरली होती. साहेबांनी कागदाची घडी केली. मागून कुणीतरी म्हणालं, "लेक बापाचीच बाजू घेणार की." माणसं हसली. सगुणामावशीचा मुलगाही त्यांच्यात होता, तो हसला नाही, त्यानं फक्त आबांकडे बघितलं. सरपंच म्हणाले, "चावी ठेवा हितं." आबांनी ती टेबलाला टेकवून उभी केली. ती घसरली आणि फरशीवर पडली, आणि माझ्या रोजच्या ओळखीचा तो ठण्ण आवाज झाला. कुणी उचलली नाही. आबांनीच वाकून उचलली आणि पुन्हा नीट टेकवली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खरं बोलले. सरांनी नंतर वर्गात माझं उदाहरण दिलं. आता केस पिकायला लागल्यावर तेवढा खोटेपणा तरी सोडून द्यावा म्हणते. मला भीती वाटली होती. पोलिसांची नाही, कारखान्याचीही नाही. निळा थेंब जाईल आणि यादीतलं माझं पहिलं नाव उडेल, ही भीती. त्या भीतीला मी खरेपणा म्हटलं. आबांची पंधरा वर्षं आणि त्यांच्या आजीची घागर एका बाजूला होती, आणि मी दुसरीकडे फोनच्या तडा गेलेल्या काचेतला निळा थेंब धरून बसले. त्याच आठवड्यात ॲपवर निरोप आला, पंचवीस नोंदी पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. मी तो उघडला, वाचला आणि मला बरं वाटलं.

पुढच्या हंगामात आबा कारखान्यातच कामाला लागले. सरपंचांनीच चिकटवलं, उपकार केल्यासारखं. काम सांडपाण्याच्या तळ्यावर, मळी उपसायचं. घरातला टीसीएलचा वास गेला आणि तो दुसरा वास आला. आई त्यांचे कपडे बाहेरच भिजवायची. आबा माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. माझ्या शिक्षणाला आडवे आले नाहीत, कोल्हापूरला एमएस्सीला पाठवलं, लग्नात हौसेनं मिरवले. फक्त त्या रविवारनंतर त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. मी तांब्या पुढे केला की ते म्हणायचे, "ठेव." मी ठेवायची. ते तो तसाच ठेवून उठायचे, माठाकडे जायचे आणि स्वतःच्या हातानं घ्यायचे. भाकरी घ्यायचे, चहा घ्यायचे, पाणी नाही. आईनं एकदा विचारलं, "काय ओ हे, लेकीचा विटाळ हुतो का तुमास्नी?" आबा उठून माठाकडे गेले. ज्यांच्या आजीला लोकांनी वरून पाणी ओतलं, त्यांनी घरातल्या घरात मला विहिरीपासून लांब बसवलं. मला ते कळत होतं, आणि ते मला कळावं अशीच त्यांची इच्छा होती.

आज मी अशाच एका ॲपवाल्यांकडे काम करते. गावोगावच्या पोरापोरींना पाणी तपासायला शिकवते. मराठी रकाने मी बसवले आहेत. कुणी 'मळी' असं लिहिलं की लगेच खाली दोन पर्याय येतात, जमीन की सांडपाणी, आणि एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिकणारी पोरं हसतात, एवढं काय त्यात म्हणतात. ओटीची बाटली मात्र अजून माझ्या पर्समध्ये असते. हॉटेलात बसले तरी आधी नळी काढते, नवरा वैतागतो.

गेल्या साली सांगलीच्या दवाखान्यात आबा शेवटचे पडून होते. बोलणं जवळपास थांबलं होतं, ओठ कोरडे पडत होते. डॉक्टर म्हणाले, चमच्यानं पाणी द्या. मी पेल्यात पाणी घेतलं, सवयीनं आधी त्यातलं थोडं नळीत काढून दोन थेंब टाकले. पिवळंधमक झालं. नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "आबा, बघा, हळदीवाणी हाय." त्यांनी बघितलं. नीट, उजेडाकडे नजर करून बघितलं. मग मी पेल्यातलं पाणी चमच्यात घेतलं आणि ओठांना लावलं. त्यांनी ओठ मिटले. मी पुन्हा लावलं, "एवढं घ्या की, आबा." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. एक नर्स तिथं औषधाचा ट्रे घेऊन आली होती, चांगली पोरगी होती, म्हणाली, "थांबा ताई, मी देते." तिनं माझ्या हातातून तोच पेला आणि तोच चमचा घेतला. आबा सगळं पाणी प्यायले.